विद्यापीठाचं संशोधन मोजायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं?

'अमुक विद्यापीठाचे वैज्ञानिक संशोधन उत्पादन : एक सायंटोमेट्रिक अभ्यास.' अशा शीर्षकाचा निबंध तुम्ही एकदा तरी डाउनलोड केला असेल. नसेल, तर सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा कराल. साचा ठरलेला आहे. स्कोपस नाहीतर वेब ऑफ सायन्समध्ये विद्यापीठाचं नाव टाकायचं, दहा-वीस वर्षांच्या नोंदी उतरवून घ्यायच्या आणि तक्ते काढायचे. वर्षवार पेपर, विषयवार पेपर, सर्वाधिक लिहिणारे दहा लेखक, सर्वाधिक सायटेशन मिळालेले दहा पेपर, कोणत्या देशाबरोबर किती सहलेखन. शेवटी निष्कर्ष ठरलेला: विद्यापीठाचं संशोधन वाढतंय, सहलेखन वाढतंय, सामाजिक शास्त्रांनी अजून प्रयत्न करायला हवेत.

माझा स्वतःचा विषय ग्रंथालय आणि माहितीशास्त्र. त्यामुळे असे निबंध मी ढिगाने वाचलेत आणि यापुढेही वाचणार आहे. त्यातले बरेचसे प्रामाणिकपणे केलेले असतात, हे आधी सांगतो. पण त्यांतून जो आकडा बाहेर पडतो तो विद्यापीठाचा असतोच असं नाही. तो असतो डेटाबेसमधल्या पत्त्याच्या ओळीचा. आणि त्या आकड्यावर तुमच्यासारखी मुलं-मुली गाइड निवडतात, विद्यापीठ निवडतात, क्वचित विषयही निवडतात. म्हणून हा आकडा जरा उघडून बघू.

उदाहरण लांबून आणायला नको. मी पुणतांब्याचा. आमच्या भागातली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली. दौंड-मनमाड रेल्वेने श्रीरामपूरच्या पुढे गेलं की राहुरी, तिथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ. नवरा-बायकोच्या नावाची दोन विद्यापीठं, आणि एका जिल्ह्याच्या पोरांचं संशोधन या दोघांत वाटलेलं. एकाची मोजणी सोपी वाटते आणि ती फसवी आहे. दुसऱ्याची मोजणी अवघड आहे म्हणून कुणी फारशी मनावर घेत नाही.

आधी पुणे विद्यापीठ. १० फेब्रुवारी १९४९ ला स्थापना. तेव्हाचं इंग्रजी नाव युनिव्हर्सिटी ऑफ पूना. पुढे युनिव्हर्सिटी ऑफ पुणे. २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. लेखक आपापल्या पेपरवर काय लिहितात? कुणी पूना युनिव्हर्सिटी, कुणी पुणे युनिव्हर्सिटी, कुणी एसपीपीयू, कुणी नुसतं 'भौतिकशास्त्र विभाग, गणेशखिंड, पुणे ७'. तुम्ही शोधपेटीत फक्त आजचं अधिकृत नाव टाकलंत तर २०१४ च्या अलीकडे एकदम भरभराट दिसेल आणि पलीकडे दुष्काळ. ही 'वाढ' नामांतराची आहे, संशोधनाची नाही. (आमच्या जिल्ह्याचंही तेच होणार. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. दहा वर्षांनी कुणीतरी अहिल्यानगरच्या कॉलेजांचा अभ्यास करेल आणि २०२४ च्या आधी इथे कुणी काही लिहीतच नव्हतं, असं सिद्ध करून मोकळा होईल.)

सगळी नावं घेतली तरी सुटका नाही, कारण दुसरा घोळ उलट्या बाजूचा आहे. गणेशखिंडीचा परिसर चारशे एकरांच्या वर पसरलेला. त्यात विद्यापीठाचे विभाग तर आहेतच, पण आयुकाही आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं रेडिओ खगोलभौतिकीचं केंद्र आहे, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. या सगळ्या स्वतंत्र संस्था. त्यांचा पैसा वेगळा, नेमणुका वेगळ्या, संचालक वेगळे. पण त्यांच्या पोस्टाच्या पत्त्यात 'पुणे विद्यापीठ परिसर, गणेशखिंड' हे शब्द येतात. तुम्ही पत्त्याच्या रकान्यात 'पुणे विद्यापीठ' असं शोधलंत की नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय दुर्बिणीवरचे पेपरही तुमच्या टोपलीत येऊन पडतात. ते पेपर दर्जेदार असतात, त्यांना भरपूर सायटेशन असतात. सरासरी झटकन वर जाते. विद्यापीठाचं नाव होतं, अभ्यास करणाऱ्याला आनंद होतो, आणि कुणी विचारत नाही की हा खगोलशास्त्रज्ञ पगार कुठून घेतो.

बरं, सरसकट वगळावं तर तेही अन्यायाचं. आयुका १९८८ मध्ये झाली ती मुळात विद्यापीठांतल्या लोकांना खगोलशास्त्र करता यावं म्हणून. पेशीविज्ञान केंद्रातला पीएचडीचा विद्यार्थी नोंदणीने पुणे विद्यापीठाचा असू शकतो. त्याचा प्रबंध विद्यापीठाच्या नावावर, पेपर केंद्राच्या नावावर. यातलं काय मोजायचं हे तुम्ही ठरवायचं आहे आणि का ते लिहायचं आहे. डेटाबेस तुमच्यासाठी ठरवत नाही. खरं तर तो ठरवतो, पण तुम्हाला सांगत नाही.

मग संलग्न कॉलेजं. विद्यापीठाच्या हद्दीत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे येतात, त्यात शेकडो कॉलेजं. कोपरगावचा किंवा लोणीचा प्राध्यापक पेपर लिहितो तेव्हा कधी नुसतं कॉलेजचं नाव टाकतो, कधी पुढे 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न' असं जोडतो. जोडलं तर पेपर विद्यापीठाचा, नाही जोडलं तर नाही! एकाच माणसाचे दोन पेपर दोन खात्यांत. आणि ही हद्दही कायमची नव्हती. स्थापनेच्या वेळी बारा जिल्हे होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. म्हणजे १९८० सालच्या जळगावच्या एखाद्या कॉलेजातल्या निबंधाचं काय करणार?

हा प्रश्न किती खोल जातो बघायचं तर आमच्याच जिल्ह्यातलं नेवासा घ्या. हसमुख सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते ५६ मध्ये प्रवरेकाठी उत्खनन केलं, अहवाल १९६० मध्ये आला. त्याआधी संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याचं उत्खनन झालं होतं, ज्याच्या नावावरून पुरातत्त्वात 'जोर्वे संस्कृती' हा शब्द रूढ झाला. आज देशभरात ताम्रपाषाण युग शिकवताना आमच्या जिल्ह्यातल्या एका खेड्याचं नाव घ्यावं लागतं. हे काम डेक्कन कॉलेजचं. तेव्हा ते पुणे विद्यापीठाशी जोडलेलं होतं, १९९० मध्ये ते अभिमत विद्यापीठ होऊन वेगळं झालं. मग जोर्वे-नेवासा कुणाच्या खात्यात? आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे हा जाडजूड ग्रंथ आहे, 'पेपर' नाहीच. पेपर मोजणाऱ्या तक्त्यात त्याला जागाच नाही. दहा पानांचा कॉन्फरन्स पेपर एक आणि नेवाशाचा अहवाल शून्य, असा हिशेब ज्या तक्त्यात बसतो त्यावर 'विद्यापीठाचे संशोधन उत्पादन' असं लिहायला हात धजावतो कसा?

आता गणिताकडे येतो. इथे थोडा वेळ द्या, कारण ही चूक मला या प्रकारच्या निबंधांत पुन्हापुन्हा दिसते आणि परीक्षकही ती सोडून देतात. वाढ मोजायला 'सापेक्ष वाढदर' आणि 'दुप्पट व्हायला लागणारा काळ' ही दोन मापं वापरतात. पद्धत अशी: पहिल्या वर्षापासूनच्या पेपरांची चढती बेरीज करायची. यंदाच्या बेरजेच्या नैसर्गिक लॉगमधून गेल्या वर्षीच्या बेरजेचा लॉग वजा करायचा. हा झाला वाढदर. ०.६९३ ला त्याने भागलं की दुप्पट होण्याचा काळ. मग निष्कर्ष येतो: 'वाढदर घटत आहे आणि दुप्पट होण्याचा काळ वाढत आहे.' पुढे दोन वाक्यं चिंतेची.

कागद-पेन घ्या. समजा एक विद्यापीठ दरवर्षी बरोबर १०० पेपर छापतं, एक कमी नाही, एक जास्त नाही. चढती बेरीज १००, २००, ३००, ४००, ५००. वाढदर येतो ०.६९३, ०.४०५, ०.२८८, ०.२२३. दुप्पट होण्याचा काळ १ वर्ष, १.७, २.४, ३.१. घसरण! आता समजा दुसरं विद्यापीठ दरवर्षी दहा टक्के जास्त छापतं: १००, ११०, १२१, १३३. बेरीज १००, २१०, ३३१, ४६४. वाढदर ०.७४, ०.४६, ०.३४. इथेही घसरण. म्हणजे जे विद्यापीठ एका जागी उभं आहे त्याचाही वाढदर घसरतो आणि जे जोरात पळतंय त्याचाही. कारण साधं आहे. तुम्ही मोजायला सुरुवात केली त्या वर्षाआधी विद्यापीठाने काहीच छापलं नव्हतं असं हे गणित गृहीत धरतं. १९४९ पासून चालू असलेल्या विद्यापीठाची मोजणी २००५ पासून सुरू केली तर पहिली काही वर्षं वाढदर आभाळाला भिडणार आणि मग उतरणार. त्या तक्त्याला विद्यापीठाबद्दल काहीही माहीत नसतं. त्याला फक्त तुम्ही निवडलेलं पहिलं वर्ष माहीत असतं.

हे वाचून कुणी म्हणेल की एवढं बारीक कोण बघतं. व्हायव्हाला बाहेरून आलेला एखादा संख्याशास्त्राचा माणूस बघतो.

विषयांचा भाग तर आणखी निसरडा. 'विविध ज्ञानशाखांतील संशोधन' असं म्हणून एक गोल आकृती काढतात: रसायन इतकं, भौतिक इतकं, वैद्यक इतकं, कला-मानव्य चिमूटभर. ही वाटणी पेपरच्या विषयावरून होत नाही, जर्नलच्या वर्गवारीवरून होते. स्कोपसमध्ये एकच जर्नल दोन-तीन वर्गांत असू शकतं, तसं असलं की त्यातला पेपर दोन-तीनदा मोजला जातो. म्हणून तक्त्याची टक्केवारी शंभराच्या वर जाते. काही जण मग ती 'दुरुस्त' करून शंभरावर आणतात, ते तर अजून वाईट.

पुणतांब्याचंच उदाहरण देतो. १ जून २०१७ ला शेतकरी संप इथून सुरू झाला. कर्जमाफी, हमीभाव, दुधाचा दर अशा मागण्या. त्या प्रश्नावर समजा पुणे विद्यापीठातल्या कुणी काम केलं. अर्थशास्त्राच्या जर्नलमध्ये छापलं तर अर्थशास्त्र, कायद्याच्या जर्नलमध्ये छापलं तर सामाजिक शास्त्रं, आणि मराठी नियतकालिकात छापलं तर काहीच नाही. प्रश्न एक, शेतकरी एक, नोंद मात्र छापखान्यावर ठरते. तत्त्वज्ञान विभागाशी जोडलेलं 'परामर्श' हे मराठी त्रैमासिक कित्येक वर्षं निघत आलंय; मराठीतून तत्त्वज्ञान लिहिणाऱ्या माणसाला ते घर आहे. गोल आकृतीतल्या त्या चिमटीत ते कुठे दिसतं का, हे तुम्हीच डेटाबेस उघडून बघा.

वेगवेगळ्या विषयांची सायटेशन एकत्र करणं म्हणजे तर ज्वारीच्या क्विंटलात आणि दुधाच्या लिटरात बेरीज करणं. जीववैद्यकात पेपर लवकर आणि भरपूर उद्धृत होतात. गणितात एखादा चांगला निकाल पाच-सात वर्षं कुणी हातही लावत नाही, मग अचानक तो लागतो. उच्च ऊर्जा भौतिकीत एका पेपरवर हजारो नावं असतात. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर दोन प्रयोगगटांनी मिळून पेपर लिहिला, लेखक ५,१५४. तेहतीस पानांपैकी चोवीस पानं लेखकांच्या आणि संस्थांच्या यादीला लागली. प्रत्येक संस्थेने तो 'आमचा एक पेपर' म्हणून पूर्ण मोजला तर जगात त्याच्या शेकडो प्रती होतात. याचा परिणाम आपण पाहिलाय. २०१३ च्या टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीत चंदीगडचं पंजाब विद्यापीठ एकदम भारतात पहिलं आलं, आयआयटींच्याही पुढे. त्यामागे तिथल्या मोजक्या भौतिकशास्त्रज्ञांचा सर्नच्या प्रयोगातला सहभाग आणि त्या पेपरांची सायटेशन हे मोठं कारण होतं. त्या शास्त्रज्ञांचं काम खरंच आहे, त्यात शंका नाही. पण त्या आकड्याकडे बघून कुणी तिथे इतिहासात पीएचडी करायला गेलं असेल, तर त्याला त्या आकड्याचा उपयोग काय? उपाय म्हणून अंशात्मक मोजणी असते: चार लेखकांत विद्यापीठाचा एक, तर पाव पेपर. ती किचकट आहे, आकडा बारीक होतो, म्हणून विद्यापीठांना आवडत नाही. निबंध लिहिणाऱ्यांनाही आवडत नाही.

आता राहुरी. महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चं. त्याचं संशोधन शोधायला मी स्कोपसकडे जाणार नाही, आमच्या चुलत्यांच्या उसाच्या फडात जाईन. त्यांची जमीन कालव्याच्या पाण्याने चोपण झालेली. दुसरी कुठली जात तिथे धड उगवत नव्हती, 'दोनशेपासष्ट' उभी राहिली. ही फुले २६५, कागदावर को-एम ०२६५, विद्यापीठाच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून २००७ मध्ये आलेली, क्षारपड जमिनीत तग धरणारी. पाडेगावचं केंद्र १९३२ पासूनचं, म्हणजे विद्यापीठापेक्षा जुनं. तिथूनच ८६०३२ महाराष्ट्रभर पसरली. डाळिंबातला भगवा राहुरीचा. हरभऱ्याचे विजय आणि दिग्विजय राहुरीचे. तीन जातींच्या संकरातून केलेली फुले त्रिवेणी गाय राहुरीची. आमच्याकडे ही नावं शेतकऱ्याच्या तोंडी असतात. ती कुण्या शास्त्रज्ञाची मेहनत आहे हे त्याच्या गावीही नसतं.

या कामाची नोंद कशी होते? एखादी जात तयार व्हायला दहा-बारा वर्षं जातात. बहुस्थानीय चाचण्या, मग चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन समिती, मग प्रसारण समिती, मग राजपत्रात अधिसूचना. यातून पेपर निघालाच तर एखादा, तोही ज्या जर्नलमध्ये छापतो त्याला सायटेशन तुटपुंजं. बाकीचं सगळं मराठीत, शिफारशींच्या पुस्तिकांत आणि विद्यापीठाच्या कृषिदर्शनीत. ज्या संशोधनावर एका हंगामात किती साखर निघेल ते ठरतं, त्याचा एच-इंडेक्स काढायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

पण इथे भावनेच्या आहारी जाऊ नका. 'पेपर खोटे, वाण खरे' असं म्हणून टाळ्या घेता येतात, अभ्यास होत नाही. वाणही फुगवून मोजता येतात. दरवर्षी इतक्या जाती प्रसारित, इतक्या शिफारशी मंजूर, असं वार्षिक अहवालात लिहिलेलं असतं. त्यातल्या किती शेतात टिकल्या हा वेगळा प्रश्न. २६५ वरही दोन मतं आहेत. शेतकरी टनेज बघतो, कारखाना उतारा बघतो, आणि तोडणीच्या वेळी दोघांचं जुळत नाही. शिवाय श्रेय कुणाचं हा प्रश्न इथेही आहेच. जातीच्या नावातला 'को' हा कोइमतूरचा. उसाला नीट तुरा तिथे येतो, म्हणून संकर तिथे करतात, बी इकडे येतं आणि निवड पाडेगावला होते. म्हणजे को-एम ०२६५ या नावातच सहलेखन लिहिलेलं आहे! पेपरवर दोन संस्थांची नावं असतात तसंच. अंशात्मक मोजणी वाणाला का लावू नये? कुणी करून बघितलं पाहिजे. विषय शोधत असाल तर घ्या हा.

पुणतांबा चांगदेवांच्या समाधीचं गाव. त्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: चौदाशे वर्षं जगले म्हणतात, पण ज्ञानेश्वरांना पत्र पाठवलं ते कोरं, आणि उत्तर आलं अवघ्या पासष्ट ओव्यांचं. तेव्हा सायंटोमेट्रिक्स असतं तर चांगदेवांचा कार्यकाळ बघून त्यांनाच जीवनगौरव दिला असता.

थट्टा पुरे. हे आकडे माणसांना काय करायला लावतात ते बघू, कारण त्रास तिथे आहे. २०१० च्या यूजीसीच्या नियमांनी प्राध्यापकाच्या बढतीसाठी एपीआयचे गुण आणले. पेपरला गुण. तालुक्याच्या कॉलेजात आठवड्याला सोळा-अठरा तास शिकवणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकालाही तेच गुण, प्रयोगशाळेत दहा विद्यार्थी हाताशी असलेल्या रसायनाच्या प्राध्यापकालाही तेच. मग बाजार उभा राहिला. पैसे भरा, आठ दिवसांत पेपर छापून घ्या, 'आंतरराष्ट्रीय' शिक्का फुकट. त्यात यूजीसीची मान्यताप्राप्त यादीही अशाच जर्नलांनी भरली.

आणि त्या यादीचं पोस्टमार्टेम कुणी केलं? याच पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यांचा निबंध आला. विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांपैकी १,३३६ त्यांनी यादृच्छिक पद्धतीने निवडली. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये असलेली बाजूला काढून उरलेली १,००९ एकेक करून तपासली. पत्ता नाही, संपादकांची नावं नाहीत, आयएसएसएन चुकीचा, इम्पॅक्ट फॅक्टर खोटा. ८८ टक्क्यांहून जास्त जर्नलं कमी दर्जाची असू शकतात असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. पुढे यूजीसी-केअर यादी आली, तिचं कामही पुणे विद्यापीठातूनच चालायचं. २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली आणि जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवर टाकली.

हा निबंध प्रत्येकाने वाचावा असं मी सांगतो, त्याचं कारण निष्कर्ष नाही, पद्धत आहे. त्यांनी मोजणीच केली. पण मोजण्याआधी प्रत्येक जर्नल उघडून बघितलं. संशोधनाच्या मोजणीवर टीका करणारं हे सगळ्यांत उपयोगी काम स्वतः मोजणीचं आहे आणि सायटेशनच्या तक्त्यात ते विद्यापीठाचा आणखी एक पेपर म्हणून गुपचूप बसलेलं असतं.

तुमच्यावर याचा थेट परिणाम असा. २०२२ च्या यूजीसी नियमांनी पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची देशव्यापी सक्ती काढून टाकली. विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तो आधी वाचा. पण सक्ती गेली तरी दडपण जात नाही. कारण एनआयआरएफच्या क्रमवारीत संशोधनाच्या कामगिरीला ३० टक्के वजन आहे आणि ते पेपर आणि सायटेशनवर मोठ्या प्रमाणात बेतलेलं आहे. मग गाइड विषय सुचवताना 'याचे पेपर निघतील का' हे आधी विचारतो. गोदावरीच्या कालव्याखाली जमिनी चोपण कशा होत गेल्या यावर तीन वर्षं मातीचे नमुने घेत फिरायचं, की तयार डेटावर वर्षात दोन पेपर काढायचे? पहिल्या कामाची गरज कुणी नाकारणार नाही. निवड मात्र दुसऱ्याची होते आणि मी निवडणाऱ्या विद्यार्थ्याला दोष देत नाही. त्याला पुढे नोकरी शोधायची आहे. दोष द्यायचाच तर त्या तक्त्याला द्या ज्यात पहिलं काम दिसतच नाही. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यात स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्या आणि विषयाविषयांतला फरक लक्षात घ्या, हे स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडचे निबंध तो जाहीरनामा संदर्भसूचीत टाकतात आणि पुढच्या पानावर रसायनाची आणि मराठीची सायटेशन शेजारीशेजारी ठेवतात.

तरीही कुणाला हाच विषय घ्यायचा असेल तर जरूर घ्या, चांगला होऊ शकतो. फक्त नोंदी उतरवल्यावर लगेच तक्ता काढू नका. त्यातून दोनशे नोंदी चिठ्ठ्या काढल्यासारख्या निवडा आणि प्रत्येक पेपरचा पत्ता स्वतः वाचा. विभागाचा किती, संलग्न कॉलेजचा किती, गणेशखिंडीतल्या पाहुण्या संस्थांचा किती, आणि कुठलाच नाही असा किती. जी नोंद काढून टाकाल तिचं कारण वहीत लिहा. या दोनशेवरून तुमच्या मोठ्या आकड्यात भेसळ किती ते कळेल आणि तो आकडा छापायचा की नाही हेही. विषयांची तुलना त्या त्या विषयाच्या आतच करा. पेपरांबरोबर ग्रंथ आणि मराठी नियतकालिकं घ्यायची असतील तर डेटाबेस विसरा, ग्रंथालयाची नोंदवही गाठा. वेळ लागतो. एका विभागापुरतं केलंत तरी चालेल. पंचवीस विभागांच्या वरवरच्या तक्त्यापेक्षा ते मी आधी वाचेन.

आणि राहुरीच्या वाणांवर कुणी काम करणार असेल तर जुन्या कृषिदर्शनी आमच्याकडे घरोघर माळ्यावर पडलेल्या असतात. वाळवीने खाल्लेल्या, पानांवर उधारी आणि दुधाचा हिशेब लिहिलेल्या. हव्या असतील तर कळवा, काही गोळा करून ठेवतो.